जर्मनीच्या हिवाळ्यात जुनी छोटी मोटरहोम: कागदपत्रांपासून बर्फातल्या मुक्कामापर्यंत

जर्मनीत एक-दोन वर्षं काढली की मराठी मित्रमंडळींत कुणी ना कुणी विचारतंच: जुनी मोटरहोम घ्यावी का, आणि घेतलीच तर थंडीत तिचा उपयोग होतो का? होतो, आणि चांगला होतो. डिसेंबर-जानेवारीत आल्प्सच्या पायथ्याशी उन्हाळ्यातली गर्दी नसते, सकाळी दार उघडलं की समोर बर्फ असतो आणि आत गरम चहा. पण त्यासाठी ऑक्टोबरपासून तयारीला लागावं लागतं आणि काही गोष्टी गाडी घ्यायच्या आधीच पाहाव्या लागतात.

मी इथे बोलतोय ते साधारण १९९० ते २००५ दरम्यानच्या, सहा मीटरच्या आतल्या गाड्यांबद्दल: फोक्सवॅगन टी-४ ची कॅलिफोर्निया, फियाट डुकाटोवर बांधलेल्या हायमरच्या छोट्या गाड्या, किंवा व्हॅनमध्येच पलंग आणि ओटा बसवलेल्या. अशा गाडीचं हिवाळ्यातलं खरं भांडण थंडीपेक्षा पाण्याशी असतं. छतातून झिरपणारं, पाइपात गोठणारं, काचेवर साचणारं आणि रस्त्यावरच्या मिठासोबत पत्र्याला लागणारं पाणी. पुढच्या बहुतेक पायऱ्या याच पाण्याच्या बंदोबस्ताच्या आहेत.

१. आधी लायसन आणि कागद

भारतातून येऊन इथे राहायला लागल्यापासून सहा महिने भारतीय लायसनवर गाडी चालवता येते. त्यानंतर जर्मन लायसन लागतं, आणि भारतीय लायसन नुसतं बदलून मिळत नाही, लेखी आणि रस्त्यावरची दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. आधी लायसन, मग गाडी, हाच क्रम ठेवा. 'बी' वर्गाच्या लायसनवर एकूण वजन साडेतीन टनांपर्यंतची गाडी चालवता येते. छोट्या गाड्या त्यात बसतात, पण पाणी, गॅस, सामान आणि माणसं चढली की किती जागा उरते ते कागदावर नीट बघा.

गाडी नावावर करताना हे सगळं फाइलमध्ये हवं:

- गाडीच्या नोंदणीचे दोन्ही भाग. दुसरा भाग, म्हणजे 'ब्रीफ', मूळ हवा. झेरॉक्स चालत नाही.
- वैध ट्यूफ तपासणीचा (गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का, याच्या तपासणीचा) अहवाल. साडेतीन टनांपर्यंतच्या मोटरहोमला ही तपासणी दर दोन वर्षांनी असते.
- विमा कंपनीकडून आलेला 'ईव्हीबी' क्रमांक, म्हणजे विम्याचा पुरावा
- पासपोर्ट आणि पत्त्याच्या नोंदणीचा कागद
- वाहनकर बँकेतून वळता होण्यासाठी सही केलेला फॉर्म
- लेखी खरेदीकरार
- गॅस तपासणीचं पुस्तक

नंबरप्लेटकडेही बघा. तिच्या उजव्या कडेला एकाखाली एक असे दोन आकडे असतील, तर ती हंगामी प्लेट. वर ०३ आणि खाली १० असेल तर गाडी मार्च ते ऑक्टोबरच चालवता येते. बाकीचे महिने ती सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभीही करता येत नाही. मोटरहोमवाल्यांत ही प्लेट सर्रास दिसते, कारण विमा आणि कर कमी पडतो. हिवाळ्यात फिरायचं असेल तर नोंदणी करतानाच वर्षभराची प्लेट मागा.

आणखी एक गोष्ट हिरव्या स्टिकरची. अनेक जर्मन शहरांच्या पर्यावरण क्षेत्रात त्याशिवाय जाता येत नाही आणि जुन्या डिझेल गाड्यांना ते सहसा मिळत नाही, नंतर धुराचा फिल्टर बसवला असेल तर गोष्ट वेगळी. तुमचं घरच अशा क्षेत्रात असेल तर आवडलेली गाडी दारात आणता येणार नाही. तीस वर्षं पूर्ण झालेल्या, चांगल्या राखलेल्या गाडीला मात्र 'एच' प्लेट मिळू शकते. मग पर्यावरण क्षेत्राची अट लागू होत नाही आणि वाहनकर ठरावीक, वर्षाला सुमारे १९२ युरो.

२. गाडी बघायला जाताना

शक्यतो दोन-तीन दिवस पाऊस पडून गेल्यावर जा. कोरड्या उन्हाळी दुपारी प्रत्येक मोटरहोम चांगलीच दिसते.

मागे घर बांधलेल्या गाडीच्या भिंतीत बऱ्याचदा लाकडी सांगाडा असतो. बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा, आत प्लाय, मध्ये फोम आणि लाकूड. छताच्या कडेचा किंवा खिडकीभोवतीचा सीलंट म्हातारा झाला की पाणी आत शिरतं आणि वर्षानुवर्षं बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून दार उघडल्यावर पहिल्यांदा नाकानं तपासा. बंद कपाटात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास येत असेल तर पुढे फार सावध राहा.

मग मागच्या पलंगाच्या गाद्या उचला आणि कोपऱ्यात, भिंत आणि तळ जिथे मिळतात तिथे, अंगठ्यानं दाबा. सुकी भिंत टणक लागते. ओली भिंत किंचित आत जाते, वरचा कागद सैल सरकतो आणि कधी अंगठा काढल्यावर खळगा तसाच राहतो. वरच्या कपाटांचे आतले कोपरे, छतावरच्या खिडकीची चौकट, मागच्या दिव्यांची आतली बाजू, दाराचा उंबरठा, सगळीकडे हेच करा. लाकडाचा ओलावा मोजायचं यंत्र तीस-चाळीस युरोत मिळतं. त्याच्या आकड्यावर आंधळा विश्वास नको, तुलना करा: भिंतीच्या मधोमध काय दाखवतं आणि कोपऱ्यात काय? कोपऱ्यातला आकडा दुप्पट असेल तर आत पाणी आहे. विकणारा म्हणेल, 'थोडं सीलंट मारलं की झालं.' कुजलेला सांगाडा वरून सीलंट मारून बरा होत नाही. भिंत उघडावी लागते आणि तो खर्च कित्येकदा गाडीच्या किमतीवर जातो. अशी गाडी स्वस्त मिळाली तरी सोडून द्या.

कॅलिफोर्नियासारख्या पत्र्याच्या व्हॅनमध्ये लाकूड कमी, पण गंज जास्त. समोरच्या काचेची चौकट, दाराखालचे सिल, चाकांच्या कमानी आणि गाडीखालचे जोड बघा. नुकताच काळा रंग फासलेला तळ दिसला तर त्याखाली काय आहे ते गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका. छत वर उचलणाऱ्या गाडीचं कापडही तपासा. ओलं मिटून ठेवलेलं कापड आतून काळं पडलेलं असतं.

इंजिनाचा टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल मागा. तोंडी उत्तर म्हणजे 'बदललेला नाही' असं धरून त्याचे पैसे किमतीतून वजा करा.

३. सीलंट आणि पत्रा, ऑक्टोबर संपायच्या आत

सीलंट कोरड्या आणि जरा उबदार हवेत लावायचा असतो, म्हणून हे काम दसऱ्याच्या सुमारास संपवा. खिडक्या आणि छतावरच्या झाकणांच्या चौकटींना न सुकणारा ब्युटाइल सीलंट वापरा, पुढे कधी चौकट काढायची झाली तर ती निघते. पॉलियुरेथेनचा चिकट माल चिकटवण्याच्या जागीच ठेवा. न्हाणीघराचं सिलिकॉन अजिबात नको, ते काढल्यावर त्या जागी दुसरं काहीच नीट चिकटत नाही. आधीच्या मालकानं मारलेलं सिलिकॉन दिसलं तर सगळं खरवडून काढूनच पुढे जा.

गाडीचा तळ धुऊन, पूर्ण सुकवून त्यावर मेणाचा किंवा ग्रीसचा थर द्या. हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात आणि उघड्या पत्र्याची ते वाट लावतं.

४. गॅस

भारतात घरच्या सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं आणि ते सहसा अडत नाही. इथे अडतं. ब्युटेन शून्याच्या जवळपास वायू व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतं. हिवाळ्यात सिलिंडर प्रोपेनचाच हवा. ५ आणि ११ किलोचे करडे जर्मन सिलिंडर प्रोपेनचे असतात. दक्षिण युरोपातून भरून आणलेल्या सिलिंडरवर किंवा टाकीतल्या ऑटोगॅसवर (पंपावर मिळणाऱ्या एलपीजीवर) विसंबून डोंगरात जाऊ नका.

हिशोब असा मांडा. छोट्या गाड्यांत नेहमी दिसणारा ट्रुमा एस ३००२ हिटर पूर्ण जोरात तासाला २८० ग्रॅमपर्यंत गॅस खातो, म्हणजे सतत चालला तर ११ किलो जेमतेम ४० तास. एवढा जोर सारखा लागत नाही, तरी कडक थंडीत सिलिंडर तीन-चार दिवसांत संपतो. तो संपतो नेमका पहाटे, म्हणून दुसरा भरलेला असल्याशिवाय घर सोडू नका.

नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच जर्मन गाड्यांची गॅसव्यवस्था ५० मिलिबारची आहे, नंतरच्या ३० ची. रेग्युलेटर आणि उपकरणं एकाच दाबाची हवीत. दुकानात रेग्युलेटर मागताना जुन्यावरचा आकडा दाखवा. रेग्युलेटर आणि रबरी नळी दर दहा वर्षांनी बदलायची, तारीख त्यांच्यावरच छापलेली असते. जून २०२५ पासून मोटरहोमची गॅस तपासणी दर दोन वर्षांनी कायद्यानं सक्तीची आहे आणि ती ट्यूफपासून वेगळी आहे. विकणाऱ्यानं 'ट्यूफ झालंय' म्हटलं तरी गॅसचं पुस्तक वेगळं मागाच.

प्रोपेन हवेपेक्षा जड असतं. गळलं तर जमिनीलगत साचतं, म्हणून गाडीच्या तळाला मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. थंड हवा येते म्हणून त्यात बोळे कोंबणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून हे करू नका.

५. हिटर आणि कार्बन मोनॉक्साइड

पहिल्या थंडीच्या आधी हिटर घराजवळ दोन तास चालवून बघा. डिझेलवर चालणारा हवेचा हिटर (एबरस्पेशर किंवा वेबास्टो) सतत मंद आचेवर ठेवला की आत काजळी धरते. बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं पूर्ण जोरात चालवा. बंद केल्यावरही त्याचा पंखा काही मिनिटं फिरतो, तेवढ्यात बॅटरीचा मुख्य स्विच पाडू नका. दीड हजार मीटरच्या वर हवा विरळ होते, जुन्या हिटरचं ज्वलन बिघडतं आणि धूर वाढतो. उंचावर बरेच दिवस राहायचं असेल तर त्या मॉडेलला उंचीची सोय आहे का, हे गॅरेजमध्ये विचारून घ्या.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर हिवाळ्यात गाडीत झोपू नका. ईएन ५०२९१-२ असं लिहिलेला घ्या, तो गाड्या आणि बोटींसाठी तपासलेला असतो. गॅसच्या शेगडीनं गाडी गरम करणं हा जीवघेणा प्रकार आहे. बर्फ पडत असेल तर झोपण्याआधी आणि रात्री जाग आली की हिटरचं धुराडं मोकळं आहे का ते बाहेर जाऊन बघा. धुराडं बाजूला असेल तर रस्ता साफ करणाऱ्या गाडीनं ढकललेला बर्फ त्याच्यासमोर येतो. छतावर असेल तर झाकून जातं.

६. बॅटरी

हिटर डिझेलचा असो वा गॅसचा, पंख्याला वीज लागतेच. डिझेल हिटर चालताना साधारण १० ते ३० वॅट आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट वीज घेतो. डिसेंबरची रात्र सोळा तासांची. दिवे, पंप, फोन धरून तीस-चाळीस अँपिअर-तास एका रात्रीत सहज जातात. शिशाची बॅटरी थंडीत कमी वीज देते आणि निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते. काही चालू नसताना १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी.

सौर पॅनेलचा भरवसा डिसेंबरमध्ये धरू नका. सूर्य टेकडीच्या वर जेमतेम येतो आणि पॅनेलवर बर्फ असतो. दोन रात्रींपेक्षा जास्त एका जागी थांबायचं तर वीज जोडणी असलेली जागा घ्या. लिथियमची बॅटरी बसवायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा, की शून्याखाली ती चार्ज करायची नसते. ती गाडीच्या उबदार भागात हवी आणि जुना चार्जरही बदलावा लागतो.

७. पाणी

नियम एक: आधी गाडी गरम, मग पाणी. बऱ्याच गाड्यांच्या बॉयलरला गोठण्यापासून वाचवणारी झडप असते. ट्रुमाची झडप साधारण ३ अंशांखाली आपोआप उघडते आणि सगळं पाणी खाली सोडून देते, ७ अंशांच्या वर गेल्याशिवाय ती बंदच होत नाही. नवीन माणूस थंड गाडीत टाकी भरतो, ते पाणी गाडीखाली वाहून जातं आणि त्याला वाटतं टाकी फुटली. कपाटात झडपेजवळ ऊब पोचेल असं बघा. तिच्यासमोर गाद्या-बॅगा रचू नका.

परत येऊन गाडी थंड ठेवायची झाली तर टाकी, बॉयलर आणि पाइप रिकामे करा. सगळे नळ उघडे, गरम-थंडाचा दांडा मध्यावर, शॉवर खाली लोंबकळता आणि पंप काही सेकंद कोरडा फिरवून बंद. यातली एखादी गोष्ट राहिली की नळातलं उरलेलं घोटभर पाणी गोठून फुगतं आणि आतला प्लास्टिकचा भाग तडकतो. मार्चमध्ये पहिल्यांदा पाणी भरताना कळतं, तोवर ओट्याखाली तळं झालेलं असतं.

सांडपाण्याची टाकी बऱ्याचदा गाडीखाली उघडी लटकते. मुक्कामी तिचा नळ उघडा ठेवून खाली बादली ठेवा. बादलीत बर्फ झाला तर उचलून टाकता येतो, टाकीत झाला तर काही करता येत नाही. गाडीच्या रेडिएटरचं अँटिफ्रीझ पिण्याच्या पाण्याच्या टाकीत किंवा पाइपात कधीही घालू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं.

८. आतली वाफ, आणि आपला कुकर

छोट्या गाडीत दोन माणसं रात्रभर झोपली की नुसत्या श्वासानं काचा ओल्या होतात. त्यात आपण फोडणी, वरण आणि कुकर घालतो. कुकरच्या चार शिट्ट्या म्हणजे तेवढी वाफ थेट गाद्यांमागच्या थंड भिंतीवर. आमच्याकडे भात आणि मुगाची खिचडी अशी होते: डाळ-तांदूळ तासभर भिजवायचे, छताची खिडकी उघडायची, एक शिट्टी आली की गॅस बंद. मग कुकर उचलून सतरंजीत आणि जुन्या घोंगडीत गुंडाळून ठेवायचा. अर्ध्या तासात खिचडी मऊ होते, गॅसही वाचतो आणि भिंत कोरडी राहते. जास्त शिट्ट्या लागणारे छोले-राजमा घरून शिजवून न्या.

सकाळी उठल्यावर पाच-दहा मिनिटं दारं-खिडक्या सताड उघडा, हिटर चालू असला तरी. काचेवरचं पाणी पुसा. समोरच्या काचांवर उबदार मॅट लावायची ती बाहेरून. आतून लावली तर मॅट आणि काच यांच्यामध्ये पाणी साचून डॅशबोर्डवर ओघळतं. गादी थेट फळीवर ठेवू नका, खाली जाळीची मॅट घाला. उचलायचं छत थंडीत खालीच ठेवा आणि खालच्या पलंगावर झोपा. ओले बूट-जॅकेट मागच्या दाराशी प्लास्टिकच्या घमेल्यात.

९. टायर, डिझेल, इंजिन

जर्मनीत बर्फ, बर्फाचा चिखल किंवा घसरडा रस्ता असेल तर हिवाळी टायर सक्तीचे. टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह हवं. नुसतं 'एम+एस' (चिखल-बर्फाचं जुनं चिन्ह) आता चालत नाही, ती सवलत सप्टेंबर २०२४ अखेर संपली. मोटरहोम वर्षातून थोडीच फिरते म्हणून टायरची नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र कडक होतं. बाजूला 'डॉट'च्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. सहा वर्षांवरचे हिवाळी टायर मी तरी बर्फात नेत नाही. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल तशा रस्त्यावर हिवाळी टायर लागतात आणि नक्षी किमान ४ मिलिमीटर खोल हवी. साखळ्या सोबत ठेवा आणि घराच्या आवारात एकदा चढवून बघा, अंधारात बोटं गोठलेली असताना शिकणं फार कठीण.

जर्मन पंपांवर १६ नोव्हेंबर ते फेब्रुवारी अखेर उणे २० अंशांपर्यंत चालणारं हिवाळी डिझेल मिळतं. सप्टेंबरमध्ये भरलेली टाकी तशीच असेल तर ते डिझेल थंडीत मेणासारखं घट्ट होऊन फिल्टर तुंबतो. निघण्याआधी जुनं संपवून नवीन भरा.

कूलंट उणे २५-३० पर्यंत टिकतं का ते तपासून घ्या. जुन्या फोक्सवॅगनमध्ये निळसर जी-११ आणि लाल जी-१२ मिसळू नका, तपकिरी चिखल होतो. मुक्कामाला हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठून अडकतो. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली उटी लावा.

१०. वाट आणि मुक्काम

ब्रेनरचा घाट वर्षभर चालू असतो. ग्रोसग्लोकनर आणि स्टेल्व्हिओसारखे उंच रस्ते हिवाळाभर बंद. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या महामार्गांना विनिएट (टोलचं स्टिकर) लागतं, ते आधीच ऑनलाइन घ्या. निघताना छतावरचा बर्फ झाडा. तो मागच्या गाडीवर पडला तर जबाबदारी तुमची, आणि दंडही होतो.

जर्मनीत थकवा घालवण्यासाठी साध्या पार्किंगमध्ये एक रात्र झोपलं तर चालतं, पण खुर्च्या बाहेर काढल्या की ते कॅम्पिंग झालं. मोटरहोमसाठीच्या बऱ्याच ठरलेल्या जागा हिवाळ्यातही उघड्या असतात, तिथला पाण्याचा नळ मात्र बऱ्याचदा बंद केलेला असतो. फोन करून दोनच प्रश्न विचारा: पाणी चालू आहे का, आणि रस्त्यावरचा बर्फ साफ करतात का. पहिली सहल घरापासून तासाभराच्या अंतरावर, एका रात्रीची ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर रात्री घरी परतता येतं.

११. परतल्यावर

त्याच आठवड्यात गोठण नसलेल्या दिवशी गाडीचा तळ पाण्याच्या दाबानं धुवा, मीठ कमानींत राहू देऊ नका. मग आतून हिटर चालवून, कपाटांची दारं आणि गाद्या उभ्या करून गाडी पूर्ण सुकवा. पाणी काढा, बॅटरी भरून ठेवा, टॉयलेटची टाकी रिकामी करून तिच्या रबरी सीलला सिलिकॉन तेलाचा हात द्या. ओलाव्याचं यंत्र घेऊन कोपऱ्यांचे आकडे वहीत टिपा, तारखेसकट. पुढच्या महिन्यात त्याच जागी परत मोजा, आकडा चढला असेल तर पावसाळी वसंत सुरू व्हायच्या आत सीलंटवाल्याकडे वेळ घ्या.